खऱ्या माणसाची बायको

लवू परब खोटं बोलत नसत. मुलुंड पूर्वेला त्यांच्या सोसायटीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण ते स्वतःच ती सगळ्यांना सांगत, आणि खोटं बोलत नसल्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवावाच लागे.

भांडुपच्या एका बोल्टच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. हातात लोखंडी गेज घ्यायचं, बोल्ट त्यात घालायचा. गेला तर हिरव्या पेटीत, अडकला तर लाल पेटीत. ‘थोडासा अडकतो’ असा बोल्ट त्या खात्यात नव्हता. निवृत्त झाल्यावर गेज कारखान्यात जमा झालं, पण त्याचा ठसा परबांच्या डोक्यात राहिला आणि बोल्ट संपल्यावर ते त्यात माणसं घालून बघू लागले. खोटं ते खोटं, मग ते कुणाला वाचवायला बोललेलं असो की फसवायला. दोन्ही लाल पेटीत.

बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर हे तत्त्वज्ञान संध्याकाळी फुकट मिळे. एकदा शेजारच्या ब्लॉकमधल्या अंबादास कांबळ्यांनी त्यांना अडकवायचं ठरवलं. “समजा, लवूकाका, आमची रश्मी तुमच्या घरात लपलीय. मागे गुंड लागलेत. दारात येऊन विचारतात, पोरगी आत आहे का? काय सांगाल?”

“आहे म्हणून सांगणार.”

“आणि ते आत घुसले तर?”

“ते पाप त्यांचं. माझं बोलणं खरं.”

अंबादासांनी त्याच दिवशी घरी जाऊन रश्मीला बजावलं, की कसलाही प्रसंग आला तरी धावायचं तर गच्चीवर धाव, परबांकडे जाऊ नकोस.

हे नुसतं कट्ट्यावरचं बोलणं असतं तरी चाललं असतं. पण रश्मीच्या पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आला आणि त्याने सवयीने विचारलं, मुलगी इथेच राहते ना? जिन्यात उभे असलेले परब म्हणाले, “शनिवार-रविवार. एरवी पुण्याला असते.” पासपोर्ट जो लटकला तो लटकलाच. वर परबांनी स्वतः कांबळ्यांच्या दारात जाऊन ‘मीच सांगितलं हो’ अशी खबरही दिली, कारण ती लपवणं म्हणजे पुन्हा खोटंच.

कुणाच्या घरून निघतानाही ते ‘येतो’ म्हणत नसत. परत यायचा विचार नसताना येतो कसं म्हणायचं? ते सरळ ‘जातो’ म्हणत. एका बारशाच्या घरी तसं म्हणाले तेव्हा बाळाच्या पणजीने कानांवर हात ठेवले आणि पुढचा तासभर ती परबांच्या नावाने बोटं मोडत होती.

आता इतक्या खऱ्या माणसाचा संसार चालतो कसा, असा प्रश्न कट्ट्यावर कुणी विचारला नाही. तो चालवत होती सुगंधा. एका घराला जेवढं खोटं लागतं तेवढं लागतंच. नवऱ्याने आपला वाटा उचलला नाही, तर बायकोला दोघांचं बोलावं लागतं. ‘ते आंघोळीला गेलेत’, ‘साडी फारच छान हो’, ‘निरोप उशिरा मिळाला, नाहीतर आलोच असतो’ हे सगळं सुगंधाच्या खात्यात. परब घरात स्वच्छ हातांनी वावरत, कारण भांडी ती घासत होती. तिला त्याचा राग येत नसे असं नाही. पण राग काढायला बसलं तर भाजी कोण चिरणार?

यातून आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती एकट्या परबांना कळली नव्हती. त्यांना कुणीही काहीही सांगत नसे. मुलीचं जमत आलेलं लग्न, सुनेचं माहेरी जाणं, डॉक्टरांनी काय सांगितलं, यातलं काही लवूकाकांच्या कानावर घालायचं नाही, असा नातेवाइकांत अलिखित कायदा होता. गावाहून फोन यायचा तो सुगंधाला. परबांशी बोलायचं तर पाऊसपाणी आणि आंब्याचा मोहर. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाशी आख्खं गोत मिळून खोटं बोलत होतं.

तर त्या सुगंधावर हा प्रसंग आला.

परबांची आई, वनमालाबाई, न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला इस्पितळात ठेवलं. शस्त्रक्रिया लगेच व्हायची, पण रक्तदाब आणि साखर काही जागेवर येईनात. डॉक्टर म्हणाले, म्हातारीला शांत ठेवा, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका. दाब खाली आला की लगेच घेऊ. नाही घेता आलं तर ती अंथरुणातून उठायची नाही, आणि या वयात अंथरूण धरलेलं माणूस किती दिवस काढतं ते तुम्हालाही माहीत आहे.

हे चालू असतानाच गावाहून पुतण्याचा, नितेशचा फोन आला. सुगंधालाच. “काकी, बाबा गेले.” सीताराम, परबांचे थोरले भाऊ. छातीत कळ आली आणि गेले.

सुगंधा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. नवी नवरी म्हणून त्या घरात गेली तेव्हा तिच्या हातून सासूची लोणच्याची बरणी फुटली होती. सीताराम भावोजी आत आले, तुकडे बघितले, आणि ओटीवर जाऊन म्हणाले, “आये, माझो धक्को लागलो गो.” शिव्या त्यांनी खाल्ल्या. त्या घरात वेळेला नीट खोटं बोलणारा तो एकच पुरुष होता आणि तो गेला. तिला मोठ्याने रडायचं होतं. बाहेरच्या खोलीत परब पेपर वाचत होते.

ती रडली नाही. तिने पुढचा विचार केला. यांना सांगितलं तर हे गावी जाणार. आल्यावर म्हातारी विचारणार, खंय गेल्लंस? आणि हे सांगणार. न गेले तरी संध्याकाळी खाटेपाशी बसून सांगणार, कारण आईपासून लपवणं म्हणजे खोटंच. म्हातारीचा दाब चढणार, शस्त्रक्रिया जाणार, आणि मागोमाग म्हातारी जाणार. सुगंधाने नितेशला सांगितलं, “काकांना कळता कामा नये. ऑपरेशन होईपर्यंत. तुझ्या बाबांचं सगळं नीट कर, बाळा, मी इथूनच हात जोडते.” मग तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, “भावोजींच्या छातीत दुखतंय म्हणे. कुडाळला ॲडमिट केलंय. बरे आहेत, पण डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय.”

परबांनी चष्मा काढून काळजी केली आणि संध्याकाळी जाऊन आईला तेच सांगितलं. म्हातारी तर खूश झाली. ती इतर कुणाचं ऐकत नसे. नर्स म्हणाली साखर उतरली, तर ही म्हणे थापा मारता. पण लवू सांगता ता खरा. रोज ती विचारायची, सीताराम कसो आसा? परब म्हणायचे, “बरो आसा.” दोन शब्द, ठाम, डोळ्याला डोळा देऊन. म्हातारी समाधानाने पेज प्यायची. सुगंधा खाटेच्या पायथ्याशी बसून बघायची. ती स्वतः इतकं चांगलं खोटं जन्मात बोलली नसती. त्यासाठी खराच माणूस लागतो.

अवघड होतं ते सुतक. भाऊ गेलेला, आणि भावाला पत्ता नाही. सुगंधाने दोघांचं सुतक एकटीने पाळायला घेतलं. देवापुढे दिवा लावायचा नाही, तर देव्हाराच तिने पॉलिशला म्हणून सुताराकडे धाडून दिला. देव डब्यात, डबा फडताळात. मासळी बंद करायची, तर ‘आये घरी येईपर्यंत मासे नाही, मी नवस बोललेय’ म्हणून सांगितलं. परब नवसाला मान देऊन गप्प बसले, पण बुधवारी सकाळी बाजारातून येताना गाडीवर दोन उकडलेली अंडी खाऊन आले आणि घरी येऊन सांगितलंही. रोज दाढी करत होते. ती आरशाकडे पाठ करून बसायची. रडायचं झालं की “जयाकडे जाऊन येते” म्हणायची. अंबादासांची बायको जया दार लावून घ्यायची, पाण्याचा तांब्या पुढे ठेवायची आणि शेजारी बसायची. पासपोर्टचा राग त्या घरात अजून होता, पण तो सुगंधावर नव्हता.

अखेर म्हातारीचा दाब खाली आला. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आणि आदल्या दुपारी घाटकोपरहून परबांचा चुलतभाऊ नंदकुमार दारात उभा.

बाकीच्या सगळ्या गोताला सुगंधाने फोनवर थोपवलं होतं, की समाचाराला इतक्यात कुणी येऊ नका. नंदकुमारालाही सांगितलं होतं. पण त्याला राहवेना. “वहिनी, मी काय बोलणार नाय. काकीची चौकशी करून निघतो,” असं त्याने खालूनच फोनवर कबूल केलं. तो औषधं विकायच्या धंद्यातला माणूस, तोंडाचा पक्का. परबांशी तासभर बोलला. काकीचा खुबा, मेट्रोचं खोदकाम, स्वतःचा गुडघा. परबांनी सीतारामचा विषय काढला तेव्हा पापणी न हलवता म्हणाला, “दादा काय, लोखंड आहे. उठेल चार दिवसांत.” सुगंधाने मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

मग तो उठला. खाली बघत दारापर्यंत गेला. चपला घातल्या आणि एक शब्द न बोलता, मागे न बघता जिना उतरून गेला.

“नंदा?” परब म्हणाले. “अरे?”

आपल्यात माणूस निघताना ‘येतो’ म्हणून निघतो. म्हणत नाही ते एकाच घरातून निघताना, जिथे कुणी गेलेलं असतं. तिथून असंच मुकाट उठायचं असतं. नंदकुमाराने तासभर तोंड सांभाळलं होतं, पण उठण्याची रीत त्याच्या अंगात इतकी मुरलेली होती की ती सांभाळायची त्याला आठवणच झाली नाही. आणि दुसरं कुणी असतं तर विसरला असेल म्हणून सोडूनही दिलं असतं. पण परबांचं या एका शब्दाशी जन्मभराचं भांडण होतं.

ते दार उघडंच ठेवून उभे राहिले. मग त्यांनी देव्हाऱ्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग सुगंधाकडे.

“कोण गेलं?”

आयुष्यभर न अडखळलेली सुगंधा अडखळली. “भावोजी,” ती म्हणाली.

“कधी?”

“आये पडल्या, त्याच आठवड्यात.”

परब खुर्चीत बसले. सुगंधा वाट बघत होती, की ते विचारतील कसे गेले, त्रास झाला का, कोण होतं जवळ. परब म्हणाले, “तू मला खोटं सांगितलंस.”

तेव्हा मात्र सुगंधाचं डोकं फिरलं. “हो, सांगितलं! तुमचा भाऊ मेला ते राहू दे बाजूला, आधी माझं खोटं मोजा! रोज सांगितलं. रोज दोनदा सांगितलं!”

परबांचा चेहरा मग हळूहळू बदलला. “मी दाढी केली गं,” ते म्हणाले. “रोज केली. अंडी खाल्ली.” आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. सुगंधाने दार लावलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तीही रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या घरात.

“मला न्यायला हवं होतंस. शेवटचं तोंड तरी बघितलं असतं.”

“आल्यावर आयेने विचारलं असतं, कुठे गेलेलास. काय सांगितलं असतं?”

“खरं.”

“म्हणूनच नेलं नाही.”

भेटायची वेळ झाली तसे परब उठले, तोंड धुतलं, शर्ट घातला आणि म्हणाले, “आईला सांगायला पाहिजे.”

रिक्षात सुगंधा कडेला सरकून बसली. “उद्या ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “उद्याच्या नंतर सांगा. मी तुमच्या पाया पडते.”

“ती आज विचारणार. विचारलं की सांगावंच लागेल. रिजेक्ट माल मी पास नाही केला कधी.”

“आये बोल्ट नाही.”

“मग मी वर येतच नाही.”

“तुम्ही आला नाहीत की ती समजलीच. रोज येणारा लवू आज आला नाही, एवढं कळायला तिचा खुबा मोडलाय, डोकं नाही.”

सिग्नलला रिक्षा थांबली. परब म्हणाले, “तू मला खोट्यात ओढते आहेस.”

“मी नाही ओढत. तुम्ही आहातच. इतके दिवस ‘बरो आसा’ कोण सांगत होतं?”

“मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोललेलं ते खोटं नव्हे.”

“तुमच्या गेजात नसेल. पण म्हातारी त्याच्यावरच जेवत होती, झोपत होती. तिला काय फरक पडला?”

हा प्रश्न कट्ट्यावर कुणी कधी विचारला नव्हता. परब इस्पितळ येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

वनमालाबाई उशाला टेकून बसवलेली होती. केस विंचरून घेतले होते, उद्या जणू कुठे लग्नालाच जायचंय. लवूला बघताच तिचं तोंड फुललं. “इलंस? सीताराम कसो आसा रे?”

सुगंधाने खाटेची कडा घट्ट धरली. परबांनी तोंड उघडलं, मिटलं. आईने परत विचारलं, “काय रे, कसो आसा?”

आणि परब बोलले.

“बरो आसा,” ते म्हणाले. इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण खोट्याची त्यांना सवय नव्हती. कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं. “एकदम बरो आसा. कालच घराक इलो. सकाळी तीन भाकऱ्यो खाल्ल्यान. मगे सायकल घेवन बाजारात गेलो. सगळ्यांका भेटलो. हसत होतो. तुका नमस्कार सांगितल्यान. डॉक्टर म्हणाले, अशी तब्येत आमी बघूकच नाय.” आणि शेवटी ते हसले. परब हसले! सुगंधाला जमीन दुभंगावीशी वाटली. सीताराम भावोजी जन्मात सायकलवर बसले नव्हते.

म्हातारी लेकाकडे बघत राहिली. तिने हात लांब करून त्याच्या गालावर ठेवला. “बरा झाला,” ती म्हणाली. “सायकल चालवल्यान म्हणजे बराच झाला. जा, तू भायर बस जरा. दमलंस. माका सुगंधाकडसून केस बांधून घेवचे आसत.”

परब बाहेर गेले. केस आधीच बांधलेले होते. सुगंधा तरीही उशाशी गेली आणि ते सोडून पुन्हा विंचरू लागली. म्हातारीची मान फणीखाली थरथरत होती.

“तेका सांगा नको हां, माका कळला ता,” ती शेवटी म्हणाली. “पयल्यांदाच बोललो बिचारो. वाटांदे तेका, जमला म्हणान.”

“आये, दाब...” सुगंधा म्हणाली.

“दाबाक काय जाता. उद्या ऑपरेशन करून घेतलंय. पायावर उभी ऱ्हवान गावाक जातलंय. तेचे दिवस घालूक आये नको?” तिने डोळे पुसले नाहीत, पाणी आपोआप सुरकुत्यांतून खाली गेलं. मग हळूच विचारलं, “शेवटाक पाणी कोणी घातल्यान गो?”

कुणीच नाही. सीताराम परब एकटेच पोफळीच्या बागेत पाणी लावायला गेले होते. नितेश त्या दिवशी कणकवलीला होता. तो परतला तेव्हा बाप पाटाच्या कडेला पालथा पडलेला मिळाला, तोंडात माती.

“नितेशान घातल्यान,” सुगंधा म्हणाली. तिचा हात थांबला नाही, फणी चालूच होती. “तुळशीचा पान घालून. डोक्या तेच्या मांडयेर होता. ‘आये’ म्हणाले आणि डोळे मिटल्यानी.”

म्हातारीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सुगंधाने नजर हलवली नाही.

“तू खोटा बोललंस तरी माका कळाचा नाय,” वनमालाबाई म्हणाली. “बरा आसा ता.” आणि डोळे मिटून उशीवर मान टाकली.

बाहेर परब बाकावर बसले होते. तपासणी झालेल्या मालासारखे. सुगंधा दिसताच उभे राहिले. “कळलं का गं तिला?”

“नाही हो. काहीच नाही कळलं.”

परबांनी मोठा श्वास सोडला. डोळे पुन्हा भरून आले होते, पण मान जरा ताठ झाली होती. जिना उतरता उतरता ते तिला समजावू लागले, “तुझं काय होतं ठाऊक आहे? तू फार थोडक्यात बोलतेस. म्हणून लोकांना संशय येतो. अशा वेळी तपशील द्यायला हवेत. सायकलचं सांगितलं ना, तिथे तिचा विश्वास बसला.”

“हो,” सुगंधा म्हणाली. “तिथेच बसला.”